सगळ्यात भयंकर राइडची रांगच सगळ्यात लांब का?

गोगलगाय

कुठल्याही मोठ्या थीम पार्कची माहिती काढायला बसलं की सगळी गाडी एकाच राइडवर येऊन थांबते. सर्वांत उंच, सर्वांत वेगवान, आणि रांग दीड-दोन तास. राइड मात्र जेमतेम दोन मिनिटांची. जाणकारांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत.

१. लोकांना ती खरंच इतकी आवडते, की नाव झालंय म्हणून सगळे तिथेच जातात?
२. एकच दिवस हाताशी असेल तर तिच्यात दोन तास घालवावेत का? प्रवेशावरच्या पाटीवरची वेळ कितपत खरी असते?
३. बारा वर्षांचं मूल आणि पन्नाशीची माणसं सोबत असतील तर काय बघावं? "काही होत नाही हो" छापाची उत्तरं नकोत.

खटखट

रांग लांब म्हणजे राइड लोकप्रिय, हे अर्धंच खरं. तासाला किती माणसं येऊन उभी राहतात आणि तासाला किती माणसं राइड उचलते, या दोन आकड्यांमधला फरक म्हणजे रांग. पहिल्या आकड्याबद्दल सगळे बोलतात, दुसऱ्याकडे कुणी बघत नाही.

ढोबळ हिशेब असा. एका गाडीत २४ जागा आणि दर ७५ सेकंदांनी एक गाडी सुटते असं धरा. तासाला ४८ गाड्या, म्हणजे ११५२ माणसं. पुढे ६०० जण असतील तर ३१ मिनिटं. आता फलाटावर कुणाचा चष्मा, कुणाची पिशवी, कुणाचा पट्टा अडकला आणि तेच अंतर १०५ सेकंदांवर गेलं, तर त्याच ६०० जणांना ४४ मिनिटं लागतात. बाकीच्या गाड्या दुरुस्तीला काढल्या आणि एकाच गाडीवर काम चाललंय, फेरी दोन मिनिटांची आणि चढउतार दीड मिनिटाची, की तासाला जेमतेम १७ फेऱ्या आणि साधारण ४१० माणसं. तीच रांग ८८ मिनिटांची होते. माणसं तेवढीच, आवड तेवढीच.

याउलट पट्ट्यासारख्या सलग सरकणाऱ्या डब्यांच्या संथ राइड तासाला २००० च्या पुढे माणसं सहज नेतात. त्यांना गर्दी कमी नसते, पण ती साचत नाही. म्हणून त्या 'रिकाम्या' दिसतात.

जेवढी राइड जहाल तेवढी फलाटावरची तपासणी कडक. माणसाला सीटवर अडकवणारा प्रत्येक दांडा हाताने ओढून बघायचा, पट्टा असेल तर तोही. सगळे बंद झाल्याचा सिग्नल नियंत्रकाकडे पोचल्याशिवाय गाडी सुटतच नाही. शिवाय रूळ ब्लॉकमध्ये वाटलेला असतो, रेल्वेसारखाच. एका ब्लॉकमध्ये एकच गाडी, आणि गाड्यांपेक्षा निदान एक ब्लॉक जास्त. पुढची गाडी फलाटावर रेंगाळली की मागची आधीच्या ब्रेकवर उभी राहते, तिच्यामागची चढावर. फलाटावरचा एक अडकलेला पट्टा असा सगळ्या रुळाला थांबवतो.

उदाहरण म्हणून 'किंगडा का' ही रोलर कोस्टर घ्या. न्यू जर्सीच्या सिक्स फ्लॅग्ज ग्रेट अॅडव्हेंचरमध्ये २००५ साली सुरू झाली. उंची १३९ मीटर, ३.५ सेकंदांत ताशी २०६ किमी. म्हणजे सरासरी १.६ जीच्या वर पाठीवर सतत रेटा (एक जी म्हणजे आपल्या नेहमीच्या वजनाएवढा भार). गाडीत जागा मात्र १८. आणि प्रत्येक उड्डाणाआधी ठरलेला क्रम: केबलला जोडलेली ओढगाडी मागे येऊन ट्रेनला धरणार, रुळावरच्या ब्रेकपट्ट्या खाली जाणार, मग नायट्रोजनच्या दाबावर चालणाऱ्या हायड्रॉलिक मोटरी केबल खेचणार. ट्रेन पुढे गेली की पट्ट्या पुन्हा वर. कारण वाऱ्यामुळे किंवा दाब थोडा कमी पडल्यामुळे ट्रेन शिखर न ओलांडता मागे घरंगळली, तर तिला थोपवायला त्याच पट्ट्या लागतात. (शौकीन मंडळी नेमकं हेच घडावं म्हणून देव पाण्यात घालून बसायची!) इतकी यंत्रणा, इतक्या तपासण्या, फेरी अर्ध्या मिनिटाच्या आसपास, एका वेळी १८ माणसं. रांग लांब होणार नाही तर काय. २०२४ च्या नोव्हेंबरात ती बंद झाली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सुरुंग लावून पाडली.

उलटासुलटा

हिशेबाशी सहमत, पण लोक फक्त नावाला भुलतात असा त्याचा अर्थ कुणी काढू नये. आवडतं ते नक्की काय, हे वेगळं करून बघायला हवं. उंची, वेग आणि जहालपणा या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत, जाहिरातीत त्यांची भेळ होते.

वेग स्वतः अंगाला जाणवत नाही, वेगातला बदल जाणवतो. अबू धाबीच्या फेरारी वर्ल्डमधली 'फॉर्म्युला रोसा' २०१० साली ताशी २४० किमीने सुरू झाली. वाऱ्यासाठी डोळ्यांवर गॉगल चढवावा लागतो. पण सुरुवातीचा झटका आणि वारा सोडला तर अंगावरचा ताण तिच्यापेक्षा बुटक्या, गच्च वळणांच्या कोस्टरमध्ये जास्त असू शकतो.

पोटात गोळा येतो तो बूड सीटवरून सुटतं तेव्हा. याला शौकीन लोक एअरटाइम म्हणतात. अमेरिकेतल्या सीडर पॉइंट पार्कची 'स्टील व्हेंजन्स' (२०१८) फक्त ६२ मीटर उंच आहे, किंगडा काच्या निम्मीही नाही. पण पार्कच्या आकड्यानुसार पूर्ण फेरीत २७.२ सेकंद माणूस सीटपासून सुटलेला असतो. पुन्हा पुन्हा बसणारे लोक तिथे सापडतात. उंचीसाठी माणूस एकदा बसतो, एअरटाइमसाठी परत रांगेत लागतो, असं माझं स्पष्ट मत.

खोलगट भागात उलटं होतं, वजन वाढतं. ४ जी म्हणजे ६० किलोच्या माणसाला २४० किलोंचा भार. रक्त पायांकडे उतरतं, नजरेच्या कडा करड्या होतात. क्षणभर ४ जी बहुतेकांना चालतो, तोच काही सेकंद टिकला तर त्रास होतो. म्हणून नुसता "किती जी" हा आकडा अपुरा, तो किती वेळ टिकतो ते बघायचं.

हे कळायला जरा वेळ लागला. १८९५ मध्ये न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर 'फ्लिप फ्लॅप' नावाची कोलांटी राइड होती, तिचा फेरा अगदी गोल. गोल फेऱ्याचं गणित वाईट आहे: घर्षण सोडून दिलं तर माथ्यावरचा आणि तळाचा भार यांत ६ जीचा फरक पडतो, फेरा लहान असो की मोठा. माथ्यावर माणूस नुसता तरंगता ठेवला तरी तळाशी ६ जी. माना आखडायच्या. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॅजिक माउंटन पार्कच्या 'रिव्होल्यूशन'साठी वर्नर स्टेंगल आणि अँटोन श्वार्झकॉफ या जर्मन अभियंत्यांनी थेंबाच्या आकाराचा फेरा वापरला: तळाशी वळण मोठ्या त्रिज्येचं, माथ्यावर लहान. आजच्या उभ्या कोलांट्या सहसा याच घडणीच्या असतात.

अवांतर: ड्रॉप टॉवरचं, म्हणजे उंच नेऊन सरळ खाली सोडणाऱ्या राइडचं गणित त्याहून मजेशीर. ४० मीटर मोकळं पडायला साधारण २.९ सेकंद लागतात, शेवटी वेग ताशी १०० किमी. एवढ्यासाठी लोक घामाघूम होतात ते पडण्यामुळे नाही. वर नेऊन किती वेळ टांगून ठेवायचं हे ठरलेलं नसतं म्हणून. कोस्टरच्या साखळी-चढावरचा तो 'खट खट खट' आवाज हेच काम करतो. खरं तर तो डब्याखालचा खटका रुळावरच्या दात्यांवरून सरकल्याचा आवाज आहे, साखळी तुटली तरी डबा मागे जाऊ नये म्हणून. सुरक्षेचा आवाज, आणि भीती त्याचीच वाटते.

मधलीओळ

तिसऱ्या प्रश्नाबद्दल. वय बघू नका, उंची बघा. जहाल राइडला किमान उंची बहुधा १२० ते १४० सेंटिमीटरच्या दरम्यान असते. ती धाडसावरून ठरत नाही, दांडा मांडीवर आणि कमरेशी नीट बसतो का यावरून ठरते. म्हणून बुटात कागद कोंबून दोन सेंटिमीटर वाढवणं हा शुद्ध मूर्खपणा आहे. उंचीत बसूनही मूल नको म्हणत असेल तर विषय तिथेच संपवा. सुटल्यावर घाबरून दांड्याखालून सरकायचा प्रयत्न करणारं मूल हा खरा धोका.

मोठ्यांसाठी: हृदयविकार, आटोक्यात नसलेला रक्तदाब, मान-पाठीचं दुखणं, अपस्मार, अलीकडची शस्त्रक्रिया, गरोदरपण. यातलं काही असेल तर पाटीशी वाद घालू नये. देह मोठा असेल तर प्रवेशापाशी ठेवलेल्या नमुना सीटवर आधी बसून पाहा. तासभर उभं राहून फलाटावरून परत पाठवलं जाण्यापेक्षा ते बरं. अडचण बऱ्याचदा वजनाची नसते, पोट किंवा मांड्या दांड्याच्या आड येतात.

बसण्यातही चुका होतात. बूड पुढे सरकवून ऐसपैस बसायचं आणि दांडा ओढायचा, ही नेहमीची. पहिल्याच खोलगट भागात अंग सीटमध्ये दबतं, दांडा आणखी एक खाच खाली जातो आणि उरलेली फेरी मांड्या चेपत होते. तो मधे सैल होत नाही. आधी कंबर पार मागे टेकवा, पाठ सरळ, मग दांडा. डोकं पाठीला टेकलेलं ठेवा, खाली वाकून पायांकडे बघू नका. खांद्यावरून येणाऱ्या हार्नेसमध्ये कान आपटतात ते मान सैल सोडल्यामुळे. खोलगट भागात पोटऱ्या आणि मांड्या आवळा, श्वास कोंडू नका. डोळे मिटले तर मळमळ वाढते, कारण कानातला तोल सांगतो एक आणि डोळे काहीच सांगत नाहीत. रूळ जातोय तिकडे बघा. पोट भरून बसू नये हे सगळ्यांना माहीत असतं, पण रिकाम्या पोटीही तितकंच गरगरतं.

जागा कुठली? पुढचा डबा शिखर ओलांडतो तेव्हा मागचं धूड अजून चढावर असतं, म्हणून तो उतारावर क्षणभर लटकतो. दिसतं सगळं, वारा सगळा. मागचा डबा शिखरावर येईपर्यंत गाडीचा पुढचा भाग खाली सुटलेला असतो, त्यामुळे तो हिसडा बसून ओढला जातो. पहिल्यांदा बसणाऱ्यांनी मधे बसावं. नावावरून कळलंच असेल.

गोगलगाय

सगळ्यांचे आभार. दुसरा प्रश्न थोडा राहिला. पाटीवर ९० मिनिटं लिहिलंय, थांबावं की नाही हे तिथे उभ्या उभ्या कसं ठरवायचं? आणि राइड मधेच बंद पडली तर?

खटखट

पाटीवर विसंबू नका, मोबाईलचं घड्याळ काढा. एक गाडी सुटल्यापासून पुढची सुटेपर्यंतचा वेळ मोजा, असे तीन मोजून सरासरी घ्या. गाडीतल्या जागा मोजा, रिकाम्या जाणाऱ्या वजा करा. रुळावर किती गाड्या आहेत तेही बघा. बाहेरून एकच गाडी फिरताना दिसली तर सरळ दुसरीकडे जा आणि दोन तासांनी परत या, तोवर दुसरी जोडलेली असू शकते. पैसे भरून घेतलेल्या वेगळ्या रांगेला निम्म्या जागा दिल्या जात असतील तर तुमच्या रांगेचा वेग निम्मा. वर मांडलेली ३१ मिनिटं तिथे ६२ होतात.

दार उघडताच पहिल्या अर्ध्या तासात किंवा बंद व्हायच्या आधीच्या तासात जा. सकाळी जाणार असाल तर वाटेत फोटो वगैरे काढत बसू नका. एकट्यांसाठी वेगळी रांग असेल आणि सोबतच्या सगळ्यांना वेगवेगळं बसायला चालणार असेल तर ती घ्या. चार-चारच्या ओळीत तिघांचा गट बसला की उरलेली जागा त्या रांगेला मिळते. मात्र समोर जोडप्यांचीच गर्दी असेल तर ओळी आपोआप भरतात आणि ती रांगही जागची हलत नाही.

बंद पडली तर कारण विचारा. कुणी ओकलं असेल किंवा सेन्सरने एखादा दांडा उघडा दाखवला असेल तर बहुतेक वेळा थोडक्यात निभावतं. विजा किंवा वारा असेल तर आकाश बघून ठरवा. आणि गाडी चढावर अडकून लोकांना बाजूच्या जिन्याने उतरवत असतील तर रांग सोडा. उतरवणं, गाडी फलाटावर आणणं, रिकाम्या चाचणी फेऱ्या, एवढं झाल्याशिवाय माणसं घेत नाहीत.

उलटासुलटा

एक राहिलं. खिशातलं सगळं लॉकरमध्ये. एअरटाइममध्ये मोबाईल खिशातून अलगद वर येतो आणि मागच्याच्या तोंडावर बसतो. स्टील व्हेंजन्सला २०१९ मध्ये रांगेतच मोबाईल न्यायला बंदी घातली ती याचसाठी. तेव्हा खटखट म्हणतात ती मोजणी लॉकरकडे जाण्याआधी उरकून घ्या. चष्म्याला मागून दोरी, आणि टोपी पायाखाली दाबून ठेवायच्या भानगडीत पडू नका. ती राहत नाही.