कोल इंडिया की जलसंपदा? १५ दिवसांत ठरवायचं आहे

मानेवाडा_सिव्हिल

नमस्कार मंडळी. वय २६, बी.ई. सिव्हिल, राहणार नागपूर. तीन वर्षं अभ्यासिकेत घासली, आणि आता देव एकदम दोन्ही हातांनी देऊन राहिला. गेट परीक्षेच्या गुणांवर कोल इंडियात मॅनेजमेंट ट्रेनी (सिव्हिल) म्हणून निवड झाली, आणि एमपीएससीच्या अंतिम यादीत जलसंपदा विभाग, सहायक अभियंता श्रेणी-२, गट ब राजपत्रित.

पगाराचं मला कळतं. तिकडे सुरुवातीला ई-२ श्रेणी, मूळ वेतन ५०,०००. वर्षाचं प्रशिक्षण संपलं की ई-३, म्हणजे ६०,०००. वर भत्ते, आणि कंपनी नफ्यात असली तर पीआरपी, म्हणजे कामगिरीवरचा वार्षिक मोबदला. इकडे ४१,८००. नुसत्या आकड्यांवर ठरवायचं असतं तर हा धागा काढलाच नसता.

घरचं असं आहे. बाबा एका महामंडळातून निवृत्त झाले. ३१ वर्षं नोकरी, आणि ईपीएसची (भविष्य निर्वाह निधीवाली) पेन्शन महिन्याला २,८७० रुपये. दर वर्षी हयातीचा दाखला द्यायला जातात आणि परत येऊन हमखास म्हणतात, "एवढ्यासाठी जिवंत आहो म्हणून दाखवा लागते." त्यामुळे त्यांचं एकच पालुपद: "सरकारी म्हंजे सरकारी. कंपनी, महामंडळ हे सरकारसारखं दिसते, सरकार नसते." मामा म्हणतो कोल इंडिया घे, वेकोलिचं (वेस्टर्न कोलफिल्ड्स, कोल इंडियाची उपकंपनी) ऑफिस इथे सिव्हिल लाइन्सलाच आहे, घरून डबा घेऊन जाशील. आईला 'घरून डबा' एवढंच ऐकू आलं.

माझा प्रश्न सरळ आहे. सिव्हिलचा माणूस, ज्याने दोन्हीकडे काम केलं, असा कोणी आहे का इथे?

कॉलनीतला

दोन्हीकडे नाही केलं, पण जन्म कोळशाच्या कॉलनीत गेला. आधी तुझ्या मामाचा गैरसमज काढतो. निवड कोल इंडियात झाली, वेकोलित नाही. उपकंपनी ते देतील ती. धनबाद, रांची, सिंगरौली, बिलासपूर, संबलपूर, काहीही येऊ शकते. आणि नशिबाने वेकोलि मिळालीच, तरी सिव्हिल लाइन्सला मुख्यालय आहे, खाणी नाहीत. खाणी उमरेड, वणी, माजरी, बल्लारपूर, पाथाखेडा. आईला डब्याऐवजी लोणच्याची बरणी भरायला सांग.

बाकी कॉलनीतलं लहानपण मस्त असते. दवाखाना, शाळेची बस, वाळलेले कपडे दोरीवरून काढताना झटकायची सवय. ती अजून गेली नाही.

कालवेवाला

मी केलं बाबू, दोन्हीकडे. सहा वर्षं एका कोळसा कंपनीत (नाव विचारू नको), आता अकरा वर्षं जलसंपदात. दोन्हीकडे सिव्हिल.

आजपर्यंतच्या सल्ल्यांत तुझी ब्रँच कोणी विचारलेली दिसत नाही. तू मायनिंगचा असतास तर मी एका ओळीत 'कोल इंडिया' लिहून झोपलो असतो. खाण मायनिंगवाल्याची. खाणीचा मॅनेजर व्हायला डीजीएमएसचं, म्हणजे खाण सुरक्षा महासंचालनालयाचं, प्रमाणपत्र लागतं, आणि वरचा रस्ता तिथूनच सुरू होतो. आपण सिव्हिलवाले त्या घरात पाहुणे. पाहुण्याचा मान असतो, चहा वेळेवर मिळतो, पण शेतीच्या वाटण्या चालल्या की त्याला अंगणात बसवतात.

काम काय होतं? क्वार्टर, रस्ते, नाल्या, पाण्याची टाकी. जून लागला की फोन: "साहेब, किचनमधी टपकून राहिलं." सहा वर्षांत स्लॅबवर डांबर किती टाकलं याचा हिशेब नाही.

एक मात्र विसरलो नाही. ओपनकास्टमध्ये, म्हणजे उघड्या खाणीत, दुपारी ब्लास्टिंग व्हायचं. शेजारच्या गावातून तक्रार आली, भिंतींना भेगा पडल्या. भेग जुनी आहे की अजून वाढते आहे, हे बघायला तिच्यावर आडवी काचेची पट्टी दोन्ही टोकांना प्लास्टरने बसवतात आणि खाली तारीख लिहितात. भिंत हलली तर काच तडकते. नऊ घरांत लावल्या. आठवड्याने बघायला गेलो तर एका आजीने पट्टीला हळदकुंकू वाहिलेलं. साहेबानं घराला ताईत बांधला असं तिला वाटलं होतं. मला तिला खरं सांगता आलं नाही.

पैसा, दवाखाना, वेळेवर पगार, यात कंपनीचा हात कोणी धरत नाही. संध्याकाळी सहाला मी बॅडमिंटन खेळायचो. आता तो रॅकेट कुठे आहे बायकोलाही माहीत नाही.

इकडे सिव्हिल म्हणजेच खातं. शाखा, उपविभाग, विभाग, मंडळ, मुख्य अभियंता, आणि मंत्रालयात सचिवाच्या खुर्चीतही अभियंता बसतो. पदोन्नतीची गाडी पॅसेंजर आहे, प्रत्येक स्टेशनवर थांबते. पण रूळ तुझे आहेत.

त्रासही ऐक. मोजमाप पुस्तिका, म्हणजे एमबी, तिच्यात सही तुझी. एकदा कालव्याच्या काँक्रीट अस्तराची जाडी तपासायला कोअर, म्हणजे गोल नमुना, काढला. १० सेंटीमीटर पाहिजे, भरलं साडेसात. मी साडेसात लिहिलं. कंत्राटदार तीन दिवस दारात खुर्ची टाकून बसला. ओरडला नाही, धमकी नाही, नुसता बसून राहिला, जाता-येता मुलीला चॉकलेट. ते साडेसात खोडायचं की नाही यावर तुझी झोप अवलंबून असते. आणि ऑडिटचा परिच्छेद, म्हणजे आक्षेप, निघाला की तू गडचिरोलीला असशील तरी तो पत्ता शोधत येतो.

ऑक्टोबरात धान निसवतं तेव्हा टोकाच्या शेतकऱ्यांना शेवटचं पाणी पाहिजे आणि वरचे सोडत नाहीत. रात्री ११ वाजता वीस-पंचवीस माणसं गेटवर. तिथे कोणतंही मॅन्युअल कामाला येत नाही. मराठी, तेही त्यांचं, आणि थोडा धीर, एवढंच. पाणी टोकाला पोचलं की दुसऱ्या दिवशी टेबलावर वांगी येतात. घ्यायची की नाही, हा अजून एक प्रश्न.

आणि हो, गोसेखुर्द धरणाचं भूमिपूजन १९८८ चं, राजीव गांधींच्या हातचं. तेव्हा अंदाजपत्रक ३७२ कोटींचं होतं. तुझ्या जन्माआधीपासून काम सुरू आहे, तुझ्यासाठीही शिल्लक ठेवलं आहे.

अधिवेशनग्रस्त

कालवेवाल्या दादांशी सहमत. मी सार्वजनिक बांधकामात आहे, नागपुरातच. हिवाळी अधिवेशनामुळे आमचा डिसेंबर विचारू नका. रवी भवन, नाग भवन, आमदार निवास, रंगापासून गिझरपर्यंत सगळं. माझ्या मुलाचा वाढदिवस १२ डिसेंबर, आम्ही तो जानेवारीत करतो.

पण मी तुझ्या बाबांसाठी लिहिते आहे, कारण माझेही वडील असेच बोलायचे. काकांना नीट सांग: राज्य सरकारातही १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन आपोआप नाही. मार्च २०२३ चा संप त्यासाठीच होता. त्यानंतर सुधारित योजना आल्या, त्या वाच, पण काकांच्या मनातली 'सरकारी पेन्शन' ती नाही. शिवाय आपण ५८ ला निवृत्त होतो, कोल इंडियात ६०. ती दोन वर्षं सगळ्यात जास्त पगाराची असतात.

काकांचं अर्धं मात्र बरोबर आहे. राज्यघटनेच्या कलम ३११ चं संरक्षण सरकारी सेवेतल्या माणसाला आहे, कंपनीतल्याला नाही. कंपनीतला उच्च न्यायालयात जाऊ शकतो, आपल्याला मॅट (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण) आहे, त्याचं खंडपीठ नागपुरातही आहे. दुसरं, कंपनीचा पगार कंपनीच्या तब्येतीवर. २०१७ च्या वेतनसुधारणेत अटच होती की वाढीचा बोजा आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी करपूर्व नफ्याच्या २० टक्क्यांच्या आत बसला पाहिजे. तोट्यातल्या कंपन्यांचे लोक बघत राहिले. एअर इंडिया जानेवारी २०२२ मध्ये टाटांकडे गेली तेव्हा तिथले लोकही सरकारी कंपनीतच लागले होते. कोल इंडियाचं तसं होईल असं मी म्हणत नाही. कोळसा अजून बराच जाळायचा आहे आपल्याला, कोराडीची धुरांडी माझ्या गच्चीवरून दिसतात.

महसुली विभाग वाटपाचा पसंतीक्रम नीट भर. आणि कोल इंडियाचा बॉण्ड सही करण्याआधी वाच, नंतर नाही.

मानेवाडा_सिव्हिल

सगळ्यांचे आभार. काल रात्री कूलरसमोर बसून बाबांना पूर्ण धागा वाचून दाखवला. जुन्या पेन्शनचं ऐकून बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "हे मले कोणी सांगतलंच नाही." साडेसात सेंटीमीटरवाला भाग दोनदा वाचायला लावला. त्यांच्या नोकरीत त्यांनी काय खोडलं, काय नाही, ते मी विचारलं नाही.

मी जलसंपदाकडे झुकलो आहे. मामा नाराज आहे. रविवारी बाबांना गाडीवर बसवून गोसेखुर्दला नेतो, बघून तर येऊ.

कालवेवाला दादा, बाबांनी एक विचारायला सांगितलं. त्या आजीच्या घरची काच तुटली का?

कालवेवाला

तुटली. पंधराव्या दिवशी. तुकडे पदरात बांधून ऑफिसला आली होती, वरचं कुंकू तसंच होतं.