जुनं डिझेल बर्नरचं स्टीम क्लीनर घ्यावं का? पोकलेन-जेसीबीचं ग्रीस काढायला

यार्ड_फलटण
यार्डात दोन जेसीबी ३डीएक्स आणि एक २० टनी पोकलेन आहे. थंड पाण्याच्या वॉशरने पिन-बुशभोवतीचं मातीत मुरलेलं ग्रीस निघत नाही, नुसतं पसरतं. एक जुनं स्टीम क्लीनर विकायला आलंय. पाटीवर १५० बार, मिनिटाला १५ लिटर, मोटर ५.५ किलोवॅट, थ्री फेज. मागणी ८५ हजार. चालवून पाहिलं तर गेजचा काटा १०० ते ११५ च्या मध्ये थरथरतो, बर्नर पेटताना दहा-पंधरा सेकंद पांढरा धूर येतो आणि गनला पाणी ६० अंशांच्या वर जात नाही. पंपाच्या काचेतून तेल दुधाच्या चहासारखं दिसतं. आमच्याकडे पाणी बोअरचं, जड. घ्यावं का? घेतलं तर आधी काय उघडावं? आणि याला बॉयलरचा परवाना लागतो का?

कॉइल_बर्नर
परवान्याचं आधी सांगतो. बॉयलर कायद्याच्या व्याख्येतून २५ लिटरपेक्षा कमी क्षमतेचं भांडं वगळलेलं आहे. अशा मशीनच्या कॉइलमध्ये (बर्नरने पाणी तापवणारी पाइपची गुंडाळी) जेमतेम चार-सहा लिटर पाणी मावतं. पण कायदा लागू नाही म्हणून धोका कमी होत नाही, हे लक्षात असू द्या.

भाव ठरवायचा तो कॉइलवर. पंपाचे सुटे भाग मिळतात, कॉइल गळकी निघाली तर सौदा तिथेच सोडा. तपासणी सोपी आहे. लान्सचं (गनच्या पुढची लांब नळी) नोझल काढा, बर्नर बंद ठेवा, गन पूर्ण दाबा आणि पंप व कॉइलच्या मधला गेज बघा. वाट मोकळी असेल तर काटा १०-१५ बारच्या आत राहतो. ३०-४० दाखवला तर आत क्षार बसलाय. मग होज कॉइलच्या तोंडावरून सोडून पुन्हा बघा. कधी कधी होजचं आतलं अस्तर सुटून तोच चोंदलेला असतो आणि दोष कॉइलला लागतो.

क्षार काढायला सल्फामिक अ‍ॅसिड वापरा, २० लिटर पाण्यात १ किलो. पाणी आधी, अ‍ॅसिड नंतर, हळूहळू. हे मशीनच्या पंपातून फिरवू नका, पितळी हेड आणि सील खराब होतात. छोटा प्लास्टिकचा पंप घ्या, कॉइलच्या खालच्या तोंडातून आत आणि वरच्या तोंडातून परत बादलीत. वर सोडलं की वायू अडकत नाही. हातमोजे, चष्मा आणि मोकळी जागा हवीच.

इथे बहुतेकांची एक चूक होते. फेस थांबला की कॉइल साफ झाली असं धरतात. १ किलो सल्फामिक साधारण अर्धा किलोच क्षार विरघळवतं, त्यामुळे फेस थांबण्याचं कारण अ‍ॅसिड संपणं हेही असतं. बादलीतला एक थेंब शहाबादी फरशीच्या तुकड्यावर टाका. बुडबुडे आले तर अ‍ॅसिडमध्ये अजून दम आहे. नाही आले तर ताजं मिश्रण करा आणि पुन्हा फिरवा. शेवटी २० लिटरला २०० ग्रॅम धुण्याचा सोडा घालून दहा मिनिटं फिरवा, मग साधं पाणी.

हायड्रो टेस्ट अ‍ॅसिडनंतरच करा. बारीक छिद्रं क्षारानेच बुजलेली असतात, आधी केलेली टेस्ट खोटी पास होते. कॉइल पाण्याने भरा, हवा पूर्ण काढा, हातपंपाने २२५ बार द्या आणि वीस मिनिटं काटा हलतो का बघा. कॉम्प्रेसरची हवा कधीही वापरू नका.

प्लंजर_पंप
तेल दुधाळ आहे म्हणजे क्रँककेसमध्ये (पंपाच्या तेलाच्या भागात) पाणी शिरलंय. प्लंजरमागचे (पाणी ढकलणारा पुढे-मागे होणारा दांडा) पाण्याचे सील आणि तेलाचे सील दोन्ही संच बदला. नुसतं तेल बदललं तर दोन दिवसांत पुन्हा तसंच होईल. हेड खोललंच आहे तर सिरॅमिक प्लंजरवरून नख फिरवा. नख अडकलं तर प्लंजरही बदला, नाहीतर नवं सील काही तासांतच कापलं जाईल. नवं तेल भरल्यावर ५० तासांनी पहिली बदली.

प्रेशर कमी का, हे बादलीने कळतं. नोझल काढून ३० सेकंद पाणी बादलीत घ्या. साडेसात लिटर भरलं तर पंप पाणी पूर्ण देतोय, दोष नोझलमध्ये किंवा अनलोडरमध्ये (गन बंद झाली की पाणी परत वळवणारा व्हॉल्व्ह) आहे. १५ लिटर आणि १५० बारला ०५५ नंबरचं नोझल लागतं. ते झिजून ०६५ च्या जवळ गेलं की त्याच पाण्याला साधारण १०५-११० बारच मिळतात. तुमचा आकडा तिथेच बसतो, पण काटा थरथरतोय म्हणून एवढ्यावर थांबू नका. बादली कमी भरली तर पंपाच्या सहापैकी एखादा व्हॉल्व्ह अडकलाय किंवा सक्शनमधून (पाणी ओढणाऱ्या बाजूने) हवा येतेय. चालू पंपाच्या सक्शन जोडांवर ग्रीसचा जाड थर लावा. थरथर थांबली तर चोर जोड सापडला.

फेजची दिशा तपासून घ्या. प्लंजर पंप उलटाही पाणी देतो, म्हणून लोकांना वाटतं सगळं ठीक आहे. पण बर्नरचा पंखा आणि डिझेल पंप उलटे फिरले तर बर्नर चालत नाही. दोन फेज अदलाबदल करायच्या, बस.

कॉइल_बर्नर
आता ६० अंशांचं. मिनिटाला १५ लिटर पाणी २५ वरून ८० अंशांना न्यायला, ८५ टक्के कार्यक्षमता धरली तर तासाला पावणेसात लिटरच्या आसपास डिझेल जळायला हवं. तासाला १.५ गॅलनचं बर्नर नोझल १० बारला एवढंच देतं. त्याच्यावर कोणता नंबर कोरलाय ते वाचा, अनेकदा डिझेल वाचवायला छोटं बसवलेलं असतं.

धुराड्याचं तापमान मोजा. धूर खूप गरम आणि पाणी कोमट असेल तर उष्णता पाण्यात जात नाहीये, बाहेरून काजळी किंवा आतून क्षार. धूर फार गरम नसेल तर डिझेलच कमी जळतंय: फिल्टर, डिझेल पंपाचं प्रेशर, नोझल. काजळी वायर ब्रशने आणि हवेने कोरडीच काढा. ओली काजळी ठेवली तर पाइप खाते.

पेटताना पांढरा धूर म्हणजे न जळलेल्या डिझेलची वाफ. ठिणगी पाडणाऱ्या इलेक्ट्रोडमधलं अंतर ३ ते ४ मिलिमीटर ठेवा, टोकं फवाऱ्यात येऊ देऊ नका, चिनीमातीला चीर आहे का बघा. बर्नर पेटला नाही तर रिसेट पुन्हा पुन्हा दाबू नका. आत साठलेलं डिझेल एकदम पेट घेतं. आधी ते पुसून काढा. डिझेलमध्ये जळालं ऑइल मिसळणं तर नकोच.

यार्ड_फलटण
आज पुन्हा जाऊन पाहिलं. नोझल काढून गेज ३५ बार, होज सोडूनही ३२. बादली सहा लिटर भरली. आणि कंट्रोल बॉक्समध्ये फ्लो स्विचच्या दोन वायरी एकत्र पिळून त्यावर काळी टेप मारलेली आहे. विकणारा म्हणतो, "डायरेक्ट केलंय, काही होत नाही."

कॉइल_बर्नर
असं असताना गनचा ट्रिगर सोडलेला ठेवून बर्नर चालू करूच नका, दाखवायलाही नाही. फ्लो स्विच पाणी वाहतंय तोपर्यंतच बर्नरला डिझेल देतो. तो डायरेक्ट असेल तर गन बंद झाली तरी ज्योत चालू राहते, कॉइलमधलं अडकलेलं पाणी वाफ होतं आणि उरतो फक्त सेफ्टी व्हॉल्व्ह. तोही क्षाराने चिकटलेला असू शकतो. नवा फ्लो स्विच, नवा थर्मोस्टॅट आणि नवा सेफ्टी व्हॉल्व्ह हा खर्च मागणीतून वजा करा. ३२ बार म्हणजे क्षार नक्की आहे. अ‍ॅसिड आणि हायड्रो टेस्ट पास झाली तरच पैसे, असा सौदा करा. बसवल्यावर रोजची चाचणी: गन सोडली की ज्योत लगेच विझली पाहिजे. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) आणि पक्कं अर्थिंगही हवं.

प्लंजर_पंप
सहा लिटर म्हणजे मिनिटाला बाराच. व्हॉल्व्ह संच आणि सक्शन, दोन्ही करा. बोअरच्या पाण्याला सॉफ्टनर लावा, नाहीतर क्षार पुन्हा बसेल. बंद करताना आधी बर्नर बंद, मग दोन-तीन मिनिटं थंड पाणी चालू.

वॉशिंग_रॅम्प
वापराबद्दल थोडं. रोजच्या कामाला ८० अंश पुरतात. स्टीमला पाणी जवळपास निम्मं करावं लागतं, प्रेशर ३२ बारच्या आत आणि नोझल वेगळं. ते फक्त कडक झालेल्या थरासाठी. डिटर्जंट खालून वर मारा, पाच-सात मिनिटं मुरू द्या पण वाळू देऊ नका, मग वरून खाली धुवा. रेडिएटरच्या पाकळ्या, वायरिंगचे कनेक्टर, अल्टरनेटर, सिलिंडर रॉडचे सील आणि पोकलेनच्या स्लूइंग रिंगचं (वरचा भाग ज्यावर फिरतो ती कडी) सील यांवर सरळ धार नको. तेलकट पाणी तीन कप्प्यांच्या खड्ड्यातून काढा. वर तरंगलेलं ऑइल हा २०१६ च्या नियमांप्रमाणे घातक कचरा आहे, ते अधिकृत रिसायकलरलाच द्या. आणि धुऊन झाल्यावर लगेच प्रत्येक निपलला ग्रीस मारा, पाणी मिसळलेलं जुनं ग्रीस कडेने बाहेर पडून स्वच्छ ग्रीस दिसेपर्यंत.