पैसे पाठवा, पण भिंत कशी बांधणार ते विचारा

आपल्या जि.प. शाळा गळताहेत आणि नवापूरकडच्या ख्रिस्ती मंडळीने (तिथल्या चर्चच्या लोकांनी) पार हैती देशातल्या चर्चबरोबर भागीदारी करून तिथली शाळा का बांधावी, हा इथे एका भाऊने विचारलेला प्रश्न रास्त आहे. पण हैतीत बहुसंख्य शाळा खासगी, त्यातल्या कितीतरी चर्चच्याच. सरकार बांधून देईल म्हणून थांबलं तर पोरं झाडाखालीच मोठी व्हायची.

माझा मुद्दा बांधकामाचा. १२ जानेवारी २०१०चा हैतीतला भूकंप ७.० तीव्रतेचा, माणसं लाखाच्या वर गेली. पुढच्याच महिन्यात चिलीत ८.८चा झाला, तिथे गेली पाचशेच्या आसपास. हैतीत पोकळ ब्लॉकच्या कच्च्या भिंती नि वर जड स्लॅब. आपल्या धाब्याच्या घरासारखं सगळं वजन डोक्यावर. भूकंपानंतर तिथे गवंड्यांना शिकवलेली एक पद्धत म्हणजे भिंत आधी रचायची, कडेला ब्लॉक आत-बाहेर ठेवून दाते सोडायचे, मग त्यात कॉलम ओतायचा. दोन्ही एकमेकांना धरून राहतात. आपले मिस्तरी बरोब्बर उलट करतात!

चर्चमधल्या कापणीच्या सणाला एकच दुधीभोपळा तीन-तीनदा लिलावात फिरतो, घेणाराच परत दान करतो. असा जमलेला पैसा नावाच्या संगमरवरी पाटीत जाऊ नये. नकाशा मागवा, आणि शिक्षकांचा पगार कोण देणार तेही विचारा.

जि.प. शाळेच्या पत्र्यांसाठी ग्रामसभेत विषय घ्या भाऊ, मी येतो.