मदत हवी आहे : औंधच्या संगीत महोत्सवात गायक-वादकांची छायाचित्रे रसभंग न करता कशी काढावीत?

नमस्कार.

सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यातील औंध येथे आश्विन वद्य पंचमीला जो शास्त्रीय संगीताचा महोत्सव भरतो, तेथे या वर्षी छायाचित्रे काढण्याचा माझा विचार आहे आणि त्यासाठी येथील जाणकारांचा सल्ला हवा आहे. ज्यांना या उत्सवाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. औंध संस्थानचे दरबारगायक अनंत मनोहर जोशी, म्हणजेच अंतुबुवा, यांनी आपले गुरू शिवानंद स्वामी यांच्या स्मरणार्थ १९४० साली हा उत्सव सुरू केला. त्यांचे चिरंजीव गजाननबुवा जोशी, जे ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर या तिन्ही घराण्यांची तालीम घेतलेले गवई होते आणि व्हायोलिनवादक म्हणूनही तितकेच नावाजलेले होते, त्यांनी तो पुढे चालवला आणि आज त्यांच्या शिष्यपरंपरेतील मंडळी तो सांभाळत आहेत. औंध म्हटले की लोकांना यमाईचा डोंगर किंवा भवानी संग्रहालयातील चित्रे आठवतात, परंतु गाणे ऐकणाऱ्यांसाठी या गावाची ओळख हा उत्सवच आहे.

माझी अडचण मुख्यतः आवाजाची आहे. माझ्याकडे एपीएस-सी (म्हणजे लहान आकाराच्या) सेन्सरचा जुना डीएसएलआर कॅमेरा, त्याच्यासोबत आलेली १८-५५ मिमीची लेन्स आणि ५० मिमी एफ/१.८ एवढेच साहित्य आहे. मोठ्या शहरातील मंडपात ध्वनिक्षेपकांच्या भिंती असतात, श्रोते हजारोंनी असतात आणि छायाचित्रकारांना रंगमंचासमोर वेगळी जागा आखून दिलेली असते, त्यामुळे तेथे कॅमेऱ्यातला आरसा उचलल्याचा खटका कोणाच्या कानावर जात नाही. लहान गावच्या बैठकीत मात्र सगळे जण सतरंजीवर मांडीला मांडी लावून बसलेले असतात, गायक चार-पाच मीटरवर असतो, आणि त्याने खर्ज लावून आलापीला सुरुवात केली की मागच्या रांगेतल्या कोणाचे खोकणेसुद्धा सभेला जाणवते. अशा वेळी कॅमेऱ्याचा खटका म्हणजे आलापात नसलेला स्वर घुसडणे होय, असे माझे मत आहे. तेव्हा डीएसएलआर वापरून हा आवाज किती कमी करता येतो, की यासाठी मिररलेस, म्हणजे आरसा नसलेला, कॅमेराच हवा, हे कृपया सांगावे.

दुसरी अडचण प्रकाशाची आहे. या महोत्सवात सकाळचे, दुपारचे आणि रात्रीचे सत्र असते. म्हणजे दिवसा खिडक्या-दारांतून येणारा निळसर उजेड आणि आतले पिवळे दिवे यांची सरमिसळ असणार, तर रात्री सगळा भार दिव्यांवर असणार. सरावासाठी मी आमच्या गावच्या भजनी मंडळाच्या कार्यक्रमात काही छायाचित्रे काढून पाहिली. एलईडी दिव्यांखाली १/२५० सेकंद शटर ठेवल्यावर लागोपाठच्या चौकटींपैकी काही उजळ आल्या, काही काळपट आल्या, आणि काहींमध्ये खालचा अर्धा भाग पिवळट दिसत होता. १/६० वर हा प्रकार बराच कमी झाला, पण मग तबलजीचे डग्ग्यावरचे मनगट स्पष्ट आणि तबल्याच्या चाटेवरची (कडेवरची) बोटे मात्र पार धुरकट, असे झाले. ती धूसर बोटे मला खरे तर आवडली, कारण त्यांत लय दिसते. परंतु गायकाचा चेहराही तसाच हलला तर छायाचित्र वाया जाते.

तिसरी गोष्ट जागेची. पुढे बसून वर पाहत काढलेल्या छायाचित्रांत मायक्रोफोन नेमका गायकाच्या ओठांवर येतो आणि हनुवटीच तेवढी मोठी दिसते. मागे जाऊन उभे राहावे तर ५० मिमीची लेन्स अपुरी पडते. ८५ मिमी एफ/१.८ विकत घ्यावी, की ७०-२०० एफ/२.८ भाड्याने आणावी? ७०-२०० ही लेन्स एवढी मोठी आणि बऱ्याचदा पांढरीशुभ्र असते की ती रोखल्यावर कलाकारालाही अवघडल्यासारखे होईल, अशी मला शंका आहे.

आणि शेवटी परवानगीचा प्रश्न. आयोजकांना आधी पत्र पाठवून विचारणार आहेच, पण त्या पत्रात नेमके काय लिहावे, आणि काढलेली छायाचित्रे नंतर समाजमाध्यमांवर टाकायची झाल्यास कलाकारांना वेगळे विचारावे लागते का, याविषयी कोणी अनुभवी व्यक्तीने मार्गदर्शन केल्यास मी आभारी राहीन.

प्रतिसाद :

ताई, प्रश्न नीट मांडल्यामुळे उत्तर देणे सोपे झाले आहे. आधी प्रकाशाचे पाहू. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. शटर १/१०० किंवा १/५० ठेवले तर प्रत्येक चौकटीत त्या चढउताराची पूर्ण आवर्तने सामावतात आणि उजेड सारखा येतो. १/२५० मध्ये एखाद्या आवर्तनाचा तुकडाच सापडतो, म्हणून तुम्हाला पट्टे दिसले. नव्या कॅमेऱ्यांत हा फरक ओळखून योग्य क्षणी शटर सोडण्याची सोय असते, ती तुमच्याकडे असल्यास चालू करावी. काही रंगीत एलईडी दिव्यांची उघडझाप याहून पुष्कळ जलद असते आणि त्यांना हा नियम लागू पडत नाही, त्यामुळे कलाकार वाद्ये जुळवत असतानाच चार चाचणी चौकटी काढून पाहाव्यात. तानपुऱ्यांची जवारी पाहणे, तबल्यावर हातोडीने ठोकणे आणि माइकची तपासणी हे सगळे त्या वेळी एकदम चालू असल्याने तुमच्या खटक्याकडे कोणी लक्ष देत नाही. शिवाय गायक सर्वांत मोकळा त्याच वेळी असतो.

आता लेन्स. १८-५५ ही लेन्स ५५ मिमीवर एफ/५.६ इतकीच उघडते, म्हणजे एफ/१.८ च्या तुलनेत जवळजवळ दहापट कमी उजेड आत घेते. जेथे ५० मिमीवर आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) १६०० पुरतो तेथे तिला १६००० च्या आसपास जावे लागेल, आणि जुन्या सेन्सरवर त्या आकड्याला चेहऱ्याची कातडी वाळूसारखी दिसते. रात्रीच्या सत्रात ती पिशवीतच राहू द्या. ८५ मिमी एफ/१.८ घ्या, असे मी सुचवीन. एपीएस-सी सेन्सरवर सहा मीटरवरून आडव्या चौकटीत साधारण १.६ मीटर रुंदीचा भाग येतो. मांडी घालून बसलेला गायक त्यात दोन्ही हातांसह मावतो आणि हात फेकून तान घेतली तरी बोटे कापली जात नाहीत. त्या अंतरावर एफ/१.८ ला स्पष्ट दिसणारी खोली जेमतेम एक फूट असते. लहान गावच्या महोत्सवांत गायकाच्या डोक्यामागे देणगीदारांच्या नावांचा फ्लेक्स हमखास असतो, तो या उथळ खोलीमुळे बराच विरघळतो. मात्र मागे तानपुऱ्यावर बसलेली शिष्याही त्याबरोबर धूसर होते, म्हणून गुरू-शिष्य दोघेही हवे असतील तेव्हा एफ/४ पर्यंत जाऊन उजेडाची कमतरता सोसावी.

७०-२०० बद्दलची तुमची शंका रास्त आहे. ती लेन्स मंडपासाठी आहे, बैठकीसाठी नाही.

मिश्र उजेडासाठी रॉ स्वरूपातच, म्हणजे कॅमेऱ्याने संस्करण न केलेली, चित्रे घ्या, म्हणजे रंग नंतर दुरुस्त करता येतील. जांभळे किंवा निळे दिवे थेट चेहऱ्यावर पडत असतील तर रंगदुरुस्तीचा हट्ट सोडून ते चित्र कृष्णधवल करावे, कारण अशा दिव्यात एकच रंग भरून वाहतो आणि बाकीच्या दोन रंगांत फारशी माहितीच उरलेली नसते. आणखी एक : पुरुष गायक बहुधा पांढऱ्या झब्ब्यात असतात. कॅमेऱ्याने चेहऱ्यावर मोजमाप केले तर झब्बा जळतो, झब्ब्यावर केले तर चेहरा काळवंडतो. मी चेहऱ्यावर मोजून उजेड पाऊण स्टॉप (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा) कमी ठेवतो आणि उरलेले घरी सावरतो.

प्रतिसाद :

मी छायाचित्रकार नाही, श्रोता आहे, आणि वर तांत्रिक बाबी आल्याच आहेत, म्हणून फक्त खटक्याविषयी लिहितो. मिररलेसचा इलेक्ट्रॉनिक शटर पूर्ण मूक असतो हे खरे, पण बऱ्याच कॅमेऱ्यांत तो सेन्सर ओळीओळीने सावकाश वाचतो आणि मग एलईडी दिव्यांखाली तेच पट्टे अधिकच ठळक उमटतात, असे माझ्या छायाचित्रकार मित्रांकडून ऐकले आहे. त्यामुळे केवळ आवाजासाठी नवा कॅमेरा घेण्याची घाई करू नये. तुमच्या कॅमेऱ्यात मूक किंवा शांत शटरची पद्धत असेल, ती वापरा. लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या पडद्यावर पाहून चित्र काढताना, आरसा आधीच वर उचललेला असल्याने आवाज आणखी कमी होतो. फोकस लागल्याची पिपाणी, फोकससाठी लागणारा नारिंगी दिवा आणि मागच्या पडद्यावर आपोआप झळकणारे चित्र, ही तिन्ही बंद करावीत. अंधाऱ्या सभेत मागच्या श्रोत्याला शटरपेक्षा तो पडदा जास्त खुपतो. (खटक्याबद्दल डोळे वटारणारे काही श्रोतेच पुढे मोबाइल उंचावून अख्खी बंदिश चित्रित करतात, तो विषय वेगळा.)

खरा उपाय मात्र गाण्यातच आहे. अतिविलंबित एकतालात एका मात्रेला चार-पाच सेकंद लागतात, म्हणजे बारा मात्रांचे आवर्तन सुमारे पाऊण ते एक मिनिटाचे होते. सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, कधी येणार हे तुम्हाला ठेका ऐकून आधीच कळते. मुखडा (बंदिशीचा सुरुवातीचा तुकडा) घेऊन गायक समेवर येतो तेव्हा तबल्याचा ‘धिं’ पडतो, श्रोत्यांची दाद येते, गायक तबलजीकडे पाहून मान हलवतो, आणि त्या क्षणी खटका कोणालाही ऐकू येत नाही. द्रुत तीनतालात सोळा मात्रा चार-पाच सेकंदांत संपतात, तेथे हवे तेवढे काढावे. सुरुवातीच्या आलापीत मात्र कॅमेरा मांडीवर ठेवून ऐकावे. औंधच्या उत्सवात ग्वाल्हेर अंगाचे गाणे बरेच ऐकायला मिळते आणि त्या गायकीत विलंबित लय इतकी संथ नसते, त्यामुळे तुम्हाला फार ताटकळावेही लागणार नाही.

जागेचे म्हणाल तर, तबला बहुधा गायकाच्या उजव्या हाताला आणि संवादिनी डाव्या हाताला असते. समेला गायक तबलजीकडे वळतो, म्हणून श्रोत्यांच्या डाव्या बाजूला, भिंतीला टेकून, तबल्याच्या जरा पुढे बसावे. तेथून चेहरा तिरका आणि मोकळा मिळतो आणि माइक ओठांवरून बाजूला सरकतो. मात्र सत्र सुरू झाल्यावर जागा बदलू नये. बदलायचीच असेल तर दोन रागांच्या मध्ये बदलावी.

प्रतिसाद :

परवानगीबाबत. प्रताधिकार कायदा, १९५७ नुसार छायाचित्र काढणारी व्यक्ती ही त्याची कर्ती आणि सर्वसाधारणपणे पहिली मालक असते. परंतु कलम १७ प्रमाणे, कोणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन काढलेल्या छायाचित्राचा मालक, उलट करार नसेल तर, पैसे देणारा असतो. आयोजकांनी मानधन देऊ केले तर एवढी एक ओळ पत्रात आधीच स्पष्ट करून घ्यावी. कलाकाराच्या सादरीकरणाचे ध्वनिमुद्रण किंवा चलचित्रण करण्याचा हक्क कायद्याने कलाकाराला दिलेला आहे, म्हणून कॅमेऱ्यात व्हिडिओची सोय असली तरी संमतीविना तिला हात लावू नये आणि तसे पत्रात आपणहून लिहावे. आयोजकांची निम्मी काळजी तेथेच मिटते. पत्रात कोणत्या सत्रांना येणार, कोठे बसणार, फ्लॅश वापरणार नाही, आणि निवडक चित्रे संस्थेला विनामूल्य देणार का, एवढे असले की पुरे. समाजमाध्यमांवर टाकण्यापूर्वी कलाकाराला चित्र पाठवून विचारणे हा कायद्यापेक्षा सौजन्याचा भाग आहे. वरच्या पट्टीत तोंड वेडेवाकडे झालेले चित्र तुम्हाला कितीही जिवंत वाटले, तरी ते त्यांना दाखवल्याशिवाय टाकू नका.

धागाकर्ती :

सर्वांचे मनापासून आभार. समेची वाट पाहण्याचा उपाय मला सुचायला हवा होता असे कोणी म्हणेल, पण मी आजवर गाणे आणि कॅमेरा हे दोन वेगळे छंद म्हणूनच सांभाळत आले. नवा कॅमेरा घेण्याचा विचार सोडून दिला आहे. पत्राचा मसुदा आजच तयार करते आणि त्यात व्हिडिओ न घेण्याची ओळ घालते. मोबदला घेणार नाही, तेव्हा मालकीचा प्रश्न उरत नाही.

एकच विचारायचे राहिले. ८५ मिमी एफ/१.८ लेन्स विकत घेण्यापूर्वी एकदा वापरून पाहावी असे वाटते. ती सातारा किंवा कराड येथे तीन-चार दिवसांसाठी भाड्याने मिळते का, की त्यासाठी पुण्यालाच जावे लागेल, आणि अनामत रक्कम साधारण किती घेतात, हे कोणास ठाऊक असल्यास कृपया येथेच कळवावे.