एकच जाड पाइप की दोन? टर्बोवाल्यांनो, आधी हिशेब करा

बूस्टगेज:
परवा एका धाग्यात एकाने ठोकून दिलं, की ‘टर्बो स्पोर्ट्स कारला मागे धुराचे (एक्झॉस्टचे) दोन पाइप नसतील तर ती अर्धी गाडी. दोन पाइप म्हणजे इंजिनाला दुप्पट श्वास. एकेरी लावणारे नुसते पैसे वाचवतात.’ त्यावर एका नवख्याने विचारलं, माझ्या दोन लिटर, एका टर्बोच्या गाडीला दुहेरी सेट मागवू का? चार जणांनी ‘बिनधास्त मागव’ म्हणून सांगितलं. ते वाचून गप्प बसवेना.

एका टर्बोच्या इंजिनात चारही सिलिंडरांचा धूर एकाच टर्बाइनमधून (टर्बोचं धुराने फिरणारं चाक) जातो आणि एकाच तोंडाने बाहेर पडतो. टर्बाइनला जोर मिळतो तो तिच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबातल्या फरकातून. नंतरचा दाब जितका कमी, तितका टर्बो लवकर घुमायला लागतो. म्हणजे प्रश्न अडथळ्याचा आहे, पाइप किती याचा नाही. ‘थोडं बॅकप्रेशर (धुराला मागून होणारा अडथळा) लागतंच’ हे पालुपद तर टर्बोच्या मागच्या पाइपाला मुळीच लागू नाही. बिनटर्बो इंजिनात हेडरची (सिलिंडरांतून निघणाऱ्या पहिल्या पाइपांची) लांबी जुळवतात, धुराच्या ठोक्यांचा फायदा घेऊन सिलिंडर रिकामे करतात, ते ठीक. इथे ते ठोके बऱ्याच अंशी टर्बाइनमध्येच मोडतात.

आता हिशेब. घर्षणाने दाब किती पडतो हे ढोबळमानाने प्रवाहाच्या वर्गावर आणि व्यासाच्या पाचव्या घातावर अवलंबून असतं. प्रवाह दुप्पट तर घट चौपट, व्यास वाढवला तर घट झपाट्याने कमी. ते मांडून बघा: ७६ मिमीच्या एका पाइपाइतका मोकळेपणा हवा तर साधारण ५७-५८ मिमीचे दोन लागतात. मोकळेपणा तेवढाच, पत्रा मात्र दीडपट. आणि बाजारातले पुष्कळसे ‘दुहेरी’ सेट ५१ मिमीचे असतात. त्यात दोघांचं क्षेत्रफळ मिळूनही एका ७६ च्या खालीच राहतं.

टोयोटा सुप्रा ए८०, १९९३ ची. तीन लिटर, सहा सिलिंडर, दोन टर्बो, आणि मागे एकच तोंड. होंडा सिव्हिक टाइप आर, २०१७ ची, मागे मधोमध तीन तोंडं, गाडीखालून येणारा पाइप मात्र एक. तोंडं मोजून इंजिन कळत नाही. पैसे डाउनपाइपात, म्हणजे टर्बोला लागूनच्या पहिल्या पाइपात, घाला.

जुळेपाइप:
तो मूळ प्रतिसाद माझा आहे, तेव्हा नाव घेऊन बोलायचं होतं.

तुमचं गणित सरळ पाइपाचं आहे. गाडीखाली सरळ पाइप असतो कुठे? माझ्या आधीच्या गाडीला असाच ७६ मिमीचा एकेरी घातला होता. मागच्या सस्पेन्शनवरून न्यायला जागा पुरेना, म्हणून करणाऱ्याने तो खालून घेतला. प्रत्येक गतिरोधकावर खर्रकन घासायचा. फ्लँजच्या बोल्टची डोकी घासून इतकी गुळगुळीत झाली, की उघडताना पाना बसेना, ग्राइंडर लावावा लागला. आत्ताच्या गाडीला दोन ६३ चे आहेत. त्यांचं क्षेत्रफळ तुमच्या ७६ च्या जवळपास १.४ पट, आणि एकदाही टेकलेले नाहीत.

आणि मफलरचं काय? तो शब्दच तुमच्या हिशेबात नाही. दोन मफलर असले, की प्रत्येकातून निम्माच धूर जातो, म्हणजे तुमच्याच वर्गाच्या नियमाने अडथळा चौथाईवर. त्यामुळे आत भरपूर भरण घालून गाडी शांतही ठेवता येते आणि मोकळीही. एकेरीत शांत हवी तर कोंडते, मोकळी हवी तर बोंबलते. शिवाय निसान जीटी-आर बघा. व्ही६, दोन टर्बो, चार तोंडं. त्यांच्या इंजिनिअरांना गणित येत नव्हतं का?

बूस्टगेज:
जीटी-आरचं उदाहरण तुमच्यावरच उलटतं. आर३५ मध्ये दोन टर्बोंचे दोन पाइप वाय-पाइपात येऊन एक होतात, मध्ये एकच जाड पाइप धावतो आणि मागे मफलरशी पुन्हा फुटतो. त्यावर काम करणारे तो मधला पाइप ९० किंवा १०२ मिमीचा करतात, दोन वेगळे ओढत बसत नाहीत.

मफलरचा मुद्दा बरोबर आहे, तेवढा घ्या. पण तो मफलरचा मुद्दा आहे, अख्ख्या पाइपाचा नव्हे. शेवटी फाटा काढून दोन मफलर लावा, कोणी अडवलंय?

टाका_वेल्डिंग:
दोघांनीही जरा थांबा. तुम्ही आकडे लिहिता, आम्ही ते जोडतो.

महिन्याभरापूर्वी एक गाडी आली. एक टर्बो, पुढे एकेरी, मागे दोन. मालकाची तक्रार, टर्बो उशिरा उठतो. मी आधी मागून दोन्ही तोंडांत बोट फिरवलं. डाव्या तोंडात काजळीचा जाड थर, उजवं जवळजवळ कोरडं. वाय-पाइप उतरवून कापला तर उजव्या फाट्याच्या तोंडाशी आतून वेल्डचा ओघळ आलेला, थेट निम्मं भोक अडवून बसलेला. शिवाय तो फाटा मूळ पाइपाला जवळजवळ काटकोनात ठोकलेला. म्हणजे गाडी दुहेरी म्हणून विकलेली, चालत होती दीड पाइपावर. ओघळ घासून काढला, फाटा तिरका करून पुन्हा जोडला, गाडी सुटली.

दुसरं, वाक. मॅन्ड्रल (आतून आधार देणारा ठोकळा) घालून वाकवलेला पाइप वाकावरही गोल राहतो. साध्या यंत्रावर दाबून वाकवला की आतल्या अंगाने चपटतो. चपटलेल्या ७६ पेक्षा नीट वाकवलेला ६३ सुद्धा परवडला.

तिसरं, स्टील तापलं की वाढतं. ३०४ स्टेनलेसचा तीन मीटरचा पाइप चारशे अंशांनी तापला तर सुमारे २० मिमी लांबतो. दुहेरीत दोन्ही बाजू सारख्या तापतीलच असं नाही. मग हँगर (पाइप टांगणारे आधार) ताठ बसवले असतील तर टाका तडकतो, आणि लोक म्हणतात वेल्डर वाईट.

रात्रपाळी:
मी गाड्यांमधली नाही, पण हा वाद वाचून राहवलं नाही. मी रुग्णालयात रात्रपाळी करते, दिवसा झोपते. घरासमोरच्या वळणावर एक टर्बो गाडी रोज जाते. ॲक्सिलरेटरवरचा पाय सोडला, की बंदुकीसारखे चार-पाच बार. झोपेतून दचकून उठते, छाती धडधडत राहते, पुन्हा डोळा लागत नाही. त्या दिवशी संध्याकाळी औषधाचा डोस मी दोन-दोनदा तपासते. शेजारचं तान्हं बाळ तर रोज किंचाळत उठतं. एक पाइप की दोन हे तुमचं तुम्ही बघा. पण इतकी माहिती असलेल्या लोकांपैकी एकालाही रस्त्याकडेचा माणूस आठवला नाही, याचं वाईट वाटतं.

फटाकेमॅप:
ताई, तुमचा त्रास समजतो, पण सगळ्यांना एका मापाने मोजू नका. माझ्याही गाडीला पॉप्स, म्हणजे ते बार, आहेत आणि त्यासाठीच मी राबून पैसे साठवलेत. रॅलीच्या गाड्यांतून आलेली गोष्ट आहे ती. मालाचे जड ट्रक दिवसरात्र गरजत जातात, त्यांना कोणी बोलत नाही. छंद म्हटला, की सगळ्यांना शांतता आठवते.

रात्रपाळी:
ट्रक कामाला जातो, दादा. आणि त्याचा आवाज येतो तसा जातो. हा बार कधी होईल ते कळत नाही, म्हणून जास्त घाबरवतो.

क्रँकशाफ्ट:
रॅलीचं नाव पुढे करू नका. रॅलीतली अँटी-लॅग टर्बो फिरता ठेवण्यासाठी असते आणि त्या टर्बोंचं आयुष्य किती असतं ते त्या संघांना विचारा. तुमच्या मॅपमध्ये, म्हणजे इंधन आणि ठिणगी ठरवणाऱ्या सेटिंगमध्ये, काय होतं ते सांगतो. एरवी पाय सोडला की ईसीयू (इंजिनाचा संगणक) इंधन तोडतो. बर्बल मॅप, म्हणजे हे बार काढणारा, ते चालू ठेवतो आणि ठिणगी मुद्दाम उशिरा पाडतो, म्हणजे मिश्रण सिलिंडरात पुरतं न जळता एक्झॉस्टमध्ये जळतं. ती उष्णता एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, टर्बाइन आणि कॅट (धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) खातात. कॅटमधली जाळी वितळली, की ती धूर कोंडते. ज्या मोकळेपणासाठी वर एवढा वाद चाललाय, तो स्वतःच्या हाताने बंद करायचा हा प्रकार आहे.

फटाकेमॅप:
माझी गाडी एवढे दिवस ठणठणीत आहे. पुस्तकी भीती घालू नका. आणि मी वस्तीत मॅप बदलून शांत करतो, बटण आहे.

क्रँकशाफ्ट:
बटण आहे ना, मग ते दाबत जा आणि इतरांनाही दाबायला सांगा. तेवढंच मागताहेत त्या.

जुळेपाइप:
धागा पार भरकटला. तरी आवाज निघालाच आहे तर बोलतो. दुहेरीचा आवाज भरदार असतो, एकेरीचा डबा वाजल्यासारखा. हे कान असलेल्या कोणालाही कळतं.

बूस्टगेज:
कळत नाही, कारण तसं नाही. २०१५ ची सुबारू डब्ल्यूआरएक्स आणि त्याच वर्षीची एसटीआय घ्या. अंग तेच, मागे दोघींना चार-चार तोंडं. एसटीआयमध्ये जुनं ईजे इंजिन, हेडर असमान लांबीचे, म्हणून ती प्रसिद्ध घरघर आहे. डब्ल्यूआरएक्समध्ये नवं इंजिन, हेडर समान लांबीचे, घरघर गेली. तोंडं सारखी असून आवाज वेगळा. आवाजाचा स्वभाव पुढे, टर्बोच्या आधी हेडरमध्येच ठरतो.

जुळेपाइप:
स्वभाव पुढे ठरत असेल, पण गाडीत बसल्यावर डोक्यात भिणभिण करतो तो मागचाच पाइप. तुमच्या एकेरीत हमरस्त्यावर एका वेगाला जो घुमारा धरतो, त्यावर बोला. माझी आई लांबच्या प्रवासात त्या गाडीत बसायला नको म्हणायची. दुहेरी घातल्यापासून मागे झोपते.

क्रँकशाफ्ट:
घुमारा दोन्हींत होतो. चार सिलिंडरचं इंजिन एका फेऱ्यात दोनदा पेटतं, म्हणजे २४०० आरपीएमला सेकंदाला ८० ठोके. त्या ८० हर्ट्झला केबिन साथ देऊ लागली की डोकं धरतं. उपाय म्हणजे बाजूला एक बंद टोकाची नळी काढायची, तिची लांबी ध्वनिलहरीच्या चौथाईइतकी. गरम धुरात आवाज सेकंदाला ४८० मीटर धावतो असं धरलं तर लहर ६ मीटरची आणि नळी दीड मीटरची. एकेरीत अशी एक बसते. दुहेरीत दोन बसवायला जागा शोधावी लागते. तुमच्याकडे घुमारा गेला तो दुप्पट भरण असलेल्या मफलरांनी आणि वेगळ्या लांबीने.

जुळेपाइप:
कशाने का होईना, गेला. आई झोपते. दीडपट पत्रा आणि वजन, हे मान्य करतो, कारण गाडी उचलून बघितली आहे. पॉवर त्याच्यामुळे वाढली असं डायनोवर (पॉवर मोजणाऱ्या यंत्रावर) दाखवता येणार नाही, हेही एक वेळ मान्य. पण माझे दोन राहणार.

बूस्टगेज:
राहू द्या. त्यांना हात लावा असं मी म्हटलंच नव्हतं. मात्र नवख्याला सांगताना ‘जागेसाठी आणि शांततेसाठी दोन घे’ म्हणून सांगा. ‘दुप्पट श्वास’ पुन्हा लिहिलंत तर मी पुन्हा येईन.

नवखा_स्पूल:
तो विचारणारा मीच. सेट अजून मागवलेला नाही. मग डाउनपाइप आणि मागे ७६ चा एकेरी, हे दोन्ही एकदम घालू का?

टाका_वेल्डिंग:
घाल, पण मॅप करणाऱ्याची वेळ आधी ठरव. मागचं सगळं मोकळं झालं, की काही गाड्यांत वेस्टगेट, म्हणजे टर्बाइनला वळसा घालून धूर सोडणारी झडप, पुरत नाही. ते पूर्ण उघडलं तरी जास्तीचा धूर टर्बाइनकडेच जातो आणि बूस्ट (टर्बोने इंजिनात ढकललेल्या हवेचा दाब) ठरवल्यापेक्षा वर चढत राहतो. जुन्या मॅपवर पाय दाबून बघायचा मोह आवर. पहिल्या दिवशी गेजवर नजर ठेव, आकडा चढताना दिसला की पाय काढ आणि गाडी परत घेऊन ये. वेस्टगेटचं भोक मोठं करणं हे काम डाउनपाइप उतरवलेला असतानाच सोपं पडतं, म्हणून ते आधीच उघडून तपासायला सांग.

रात्रपाळी:
आणि मफलर ठेवा.

नवखा_स्पूल:
मफलर ठेवतो, ताई. पॉप्सचा मॅप घेणार नाही.