मदत हवी आहे : नवीन सिस्टरला चूक सांगितली की ती अंगावरच येते

वऱ्हाडीसिस्टर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचतेय, आज पहिल्यांदा लिहितेय. गावाचं नाव सांगत नाही. वऱ्हाडातलं ३० खाटांचं ग्रामीण रुग्णालय आहे, एवढं पुरे. मी इथे स्टाफ नर्स, नोकरीला १९ वर्षं झाली.

पावसाळ्याच्या तोंडावर आमच्याकडे दोन नवीन मुली आल्या, दोघी कंत्राटी. एकीचा काही प्रश्न नाही. दुसरी हुशार आहे, सुकून गेलेल्या म्हातारीची शीर माझ्याआधी तिला सापडते. पण चूक दाखवली की तिचं पहिलं वाक्य, "आम्हाला असंच सांगितलंय." दुसरं, "तुम्ही मलाच बोलता." तिसऱ्या वाक्याला डोळ्यात पाणी, आणि सकाळी ही थेट साहेबांच्या केबिनमध्ये.

मागच्या आठवड्यातलं सविस्तर सांगते, त्याशिवाय सल्ला कसा द्याल?

रात्रीचे पावणेनऊ. सरपणाच्या ढिगातून काड्या काढताना पायाला काहीतरी चावलं म्हणून एका बाईला घेऊन आले. साप कोणीच पाहिला नव्हता. डॉक्टर म्हणाले, रक्त गोठण्याची टेस्ट लावा. इथे नर्सिंगबाहेरचेही लोक वाचतात म्हणून सांगते : शिरेतलं थोडं रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घ्यायचं, २० मिनिटं अजिबात हलवायचं नाही, मग तिरकं करून पाहायचं. गोठलं असेल तर ठीक. पाण्यासारखं वाहिलं तर घोणस किंवा फुरशाचं विष रक्तात भिनलंय असं धरून एएसव्ही, म्हणजे सापाच्या विषावरचं औषध, सुरू. नळी काचेचीच पाहिजे, कारण काचेला लागून रक्त गोठायला लागतं. प्लॅस्टिकमध्ये धडधाकट माणसाचं रक्तसुद्धा २० मिनिटांत गोठेल याचा भरवसा नाही. साबणाने धुतलेली काचही चालत नाही.

आमच्या या नवीन मॅडमनी रक्त घेतलं प्लॅस्टिकच्या नळीत. २० मिनिटांनी तिरकं केलं, वाहिलं. "सर, गोठलं नाही!" डॉक्टरांनी ऑर्डर लिहायला केसपेपर ओढला आणि तेवढ्यात माझं लक्ष नळीकडे गेलं.

आता माझीही बाजू जशी झाली तशी लिहिते. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "अगं, हे प्लॅस्टिक आहे! कोणत्या कॉलेजात शिकलीस?" तीही उसळली. पेशंट मध्ये, आम्ही दोघी दोन बाजूंना. शेवटी त्या बाईचा मुलगा म्हणाला, "बाई, तुमचंच भांडन चालू हाये, मंग आमच्या मायकडे कोन पाहीन?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काचेच्या नळीत पुन्हा रक्त घेतलं. गोठलं. बाकी कसलंही लक्षण नव्हतं, डॉक्टरांनी एएसव्ही थांबवून निगराणीत ठेवलं, टेस्ट पुन्हा पुन्हा केली, नंतर बाई चालत घरी गेली. पण गरज नसताना एएसव्ही गेलं असतं तर? त्याची रिअॅक्शन येऊ शकते, म्हणून तर आम्ही अॅड्रिनॅलिन भरून बाजूला ठेवतो.

दुसरी गोष्ट. रात्री २ वाजता फेरीला गेले, तर एका पेशंटच्या चार्टवर सकाळी ६ चा बीपी लिहून तयार. १२०/८०. विचारलं तर म्हणे, "सगळेच लिहितात." (हे अगदीच खोटं नाही. म्हणूनच जास्त झोंबलं.)

साहेब म्हणतात, तुम्ही सीनियर आहात, सांभाळून घ्या. इन्चार्ज म्हणतात, मेमो द्या. मला मेमो द्यायचा नाही. रात्री वॉर्डात दोघीच असतो, तिच्याशी अबोला धरून पेशंट कसे बघू? तिला नीट कसं सांगायचं, ते सांगा. 'वेळ द्या' सोडून काहीही चालेल.

पुणेकर_एचआर

आधी एखादी चांगली गोष्ट सांगा, मग चूक, मग पुन्हा कौतुक. आमच्याकडे हेच वापरतात.

ब्रदर_नाइटवाला

भाऊ, आमच्याइकडे हे करून पायलं. आता पोट्टे "छान काम करतोस" आयकलं की विचारतात, "सर, काय चुकलं?"

रिटायर्ड_परिसेविका

वऱ्हाडीसिस्टर, मी परिसेविका म्हणून रिटायर झाले. तुमची पोस्ट दोनदा वाचली.

पेशंट समोर असताना नवीन मुलीला फक्त पुढचं काम सांगायचं. "काचेची नळी आण, पुन्हा घेऊ." पाच शब्द झाले. कॉलेज, स्वभाव, कारण, यातलं काहीही त्या क्षणी नको. नातेवाइकांसमोर मान खाली गेली की माणूस नळीचा विचार करत नाही, मान वर कशी काढायची याचा करतो. तुम्ही नसता का केला?

कारण सांगायचंच, पण दोन-तीन तासांनी, आणि ड्युटीरूममध्ये नाही. तिथे कोणी ना कोणी चहा पीत बसलेलं असतंच. मी औषधांच्या खोलीत स्टॉक मोजायला सोबत न्यायची. दोघींचे हात कामात, नजर खोक्यांवर. समोरासमोर बसवलं की चौकशी वाटते. सलाइनच्या बाटल्या मोजता मोजता पोरी कितीतरी गोष्टी आपणहून सांगायच्या. ओव्हर देताना, म्हणजे शिफ्ट सोपवताना, तर चुकूनही काढू नका, पुढच्या शिफ्टच्या कानावर गेलं की गावभर झालं समजा.

आणि नळी आणि बीपी एकत्र करू नका. नळी न कळण्याची गोष्ट आहे, ती शिकवायची. न घेतलेला बीपी कळून लिहिलेला आहे. तिथे शिकवण्यासारखं काही नाही, तिथे "हे चालणार नाही" एवढंच, शांतपणे. दोन्ही एका दमात बोललात तर ती नळीवर वाद घालत बसेल आणि बीपी तसाच सुटेल.

नवीकोरी_जीएनएम

सिस्टर, रागावू नका, मी तिच्या बाजूची आहे. दुसऱ्या जिल्ह्यात, पण नोकरी तशीच, कंत्राटी. नेमणुकीची ऑर्डर संपत आली की पोटात गोळा येतो. मी एखादी चूक मान्य केली आणि ती कुठे लिहिली गेली तर पुढची ऑर्डर निघेल का, हेच डोक्यात असतं. त्यामुळे तोंडातून आधी 'मी नाही' निघतं, ते खरं असो की नसो.

दुसरं म्हणजे 'आम्हाला असंच सांगितलंय' हे तुम्हाला उलट उत्तर वाटतं. बऱ्याचदा खरंच कोणीतरी सांगितलेलं असतं हो. मला सकाळच्या सिस्टरनी एएसव्हीची पावडर लवकर विरघळावी म्हणून बाटली जोरात हलवायला सांगितली. रात्रीच्या सिस्टरनी फेस पाहून झापलं, १० मिली पाणी घालून हळूहळू फिरवायची असते म्हणाल्या. रात्रीच्या बरोबर होत्या, मी नंतर वाचलं. पण मी सकाळच्या सिस्टरचं नाव घेतलं असतं तर मला त्यांच्याही शिफ्टमध्ये जगायचं होतंच ना?

तुम्ही तिला "कोणी सांगितलं?" असं विचारलंत का? चिडून नाही, खरंच माहिती हवी म्हणून?

वऱ्हाडीसिस्टर

नाही विचारलं. नाव घेतलं की भांडणं लागतील म्हणून टाळलं असेन. की विचारावंसंच वाटलं नाही, ठाऊक नाही. परवा नाइट आहे, विचारते.

ब्रदर_नाइटवाला

नाव नोका विचारू. "काय सांगितलं होतं?" एवढंच विचारा. नाव आपोआप निघते, नाई निघालं तरी काम होते.

वऱ्हाडीसिस्टर

उशिरा लिहितेय, मधे तीन नाइट लागल्या.

परिसेविका मॅडमचं ऐकून तिला स्टॉक मोजायला नेलं. आधी दहा मिनिटं दोघी गप्प. मग ब्रदर म्हणाले तसंच विचारलं, "नळीचं तुला काय सांगितलं होतं गं?" मला वाटलं, आता उसळणार. ती म्हणाली, काचेच्या नळ्या लॅबच्या कपाटात असतात, लॅब संध्याकाळी बंद होते, किल्ली टेक्निशियनबरोबर घरी जाते. रुजू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात तिने विचारलं होतं की रात्री लागली तर काय, तेव्हा उत्तर मिळालं, "मिळेल ती घे."

आणि त्या रात्री मी काचेची नळी आणली कुठून? माझ्या ड्रॉवरमधून. चार नळ्या मी नेहमी बाजूला ठेवते, किल्ली माझ्या पर्समध्ये. इतकी वर्षं ठेवते, आणि नवीन आलेल्या एकीलाही मी ते सांगितलेलं नाही. आमच्या जुन्या इन्चार्ज ठेवायच्या, मी त्यांना पाहून शिकले. सांगायचं असतं हे डोक्यातच आलं नाही.

आता इमर्जन्सी ट्रेमध्ये दहा काचेच्या नळ्या असतात. डब्यावर चिकटपट्टी लावून तिनेच मार्करने 'काच' लिहिलंय, चांगलं ठळक.

मी तिला एवढंच म्हणाले, "त्या पोरासमोर मी तसं बोलायला नको होतं." ती काही बोलली नाही. मोजत राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "सिस्टर, अॅट्रोपिनची इंजेक्शनं रजिस्टरपेक्षा ४ कमी भरतायत."

बीपीचं मात्र अजून सुटलेलं नाही. सांगितलं, मॅडम म्हणाल्या तसंच, एका वाक्यात. ती "हो" म्हणाली, पण मान वर न करता. तेव्हापासून ६ च्या बीपीला दोघी मिळून जातो, एका रांगेचे ती घेते, एका रांगेचे मी. तिला वाटतं मी पाळत ठेवतेय. थोडी ठेवतेही. साहेबांच्या केबिनमध्ये या आठवड्यात गेलेली नाही, पुढच्या आठवड्याचं सांगता येत नाही.

नवीकोरी_जीएनएम

अॅट्रोपिन सापडल्या का?

वऱ्हाडीसिस्टर

हिशेब लागला. फवारणीचं औषध बाधलेला एक पेशंट दुपारी आला होता, त्याला वापरल्या. नोंद करायची दिवसाच्या शिफ्टच्या सिस्टरकडून राहिली होती. त्यांना काय सांगायचं नि कसं, त्यासाठी वेगळा धागा काढावा लागेल, त्या माझ्याहून ४ वर्षांनी सीनियर आहेत.