पालिका शाळेत फुकट शिकवायला जाणारे: मदत की अडथळा?

शनिवारचा_दादा: दीड वर्षं झालं, कुर्ल्यातल्या एका पालिका शाळेत दर शनिवारी गणित शिकवायला जातोय. सातवीचा पोरगा ४०३ मधून १८७ वजा करताना मधल्या शून्यापाशी अडतो, हातचा कुठून घ्यायचा तेच कळत नाही त्याला, आणि तिकडे वर्ग अपूर्णांक संपवून पुढे गेलाय. मला वाटतं प्रत्येक पालिका शाळेत आठवड्याला दोन तास बाहेरची माणसं यायलाच हवीत.

पालिकेतली_बाई: २२ वर्षं शिकवतेय, म्हणून स्पष्ट बोलते, राग मानू नका. जूनमध्ये बॅनर घेऊन येतात, फोटो काढतात, आणि दिवाळीनंतर कोणी नसतं. पोरं महिनाभर दाराकडे बघत विचारतात, बाई, ताई कधी येणार? त्यांना मी काय सांगू? आणि मूळ दुखणं वेगळंच आहे. आरटीईत, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात, पाचवीपर्यंत ३० मुलांमागे १ शिक्षक लिहिलंय, तरी जागा रिकाम्या राहतात, आहेत त्यांना निवडणुकीची, जनगणनेची कामं, कारण त्याच कायद्याच्या कलम २७ मध्ये ही कामं द्यायची मुभा ठेवलीच आहे ना. फुकटचे हात मिळाले की भरतीची फाईल कोण हलवणार!

शनिवारचा_दादा: मान्य, भरती व्हायलाच हवी. पण ती होईस्तोवर माझा हा पोरगा नववीत जाईल, त्याचं काय?

बस्तीतली_ताई: दोघांचंही अर्धंच पटतं. मी बालसखी होते, ‘प्रथम’ या शिक्षणातल्या संस्थेच्या कार्यक्रमात. आम्ही वस्तीतल्याच मुली, तिसरी-चौथीतली मागे पडलेली १५-२० मुलं रोज दोन तास वर्गातून वेगळी काढून बसवायचो, अक्षर ओळख, बेरीज, वजाबाकी, एवढंच. बॅनर्जी आणि डुफ्लो या अर्थतज्ज्ञांनी मुंबई आणि वडोदऱ्यात तपासलं तर गुण खरंच वाढले होते, सगळ्यात मागच्या मुलांचे जास्त. पण कार्यक्रम सोडल्यावर वर्षभरात त्यातलं बरंचसं विरलं, हेही त्यातच निघालं. म्हणून म्हणते, शनिवारचे दोन तास पुरत नाहीत, रोज लागतं. आणि आम्हाला महिन्याला पाचशे-साडेसातशे का होईना मिळायचे, फुकट नव्हतो. वस्तीतल्या बारावी झालेल्या मुलीला मानधन द्या, ती कुठे जात नाही, पोराची आई तिला नळावर गाठून विचारते की माझा वाचतो का. शिवाय पालिकेच्या शाळा आठ माध्यमांच्या, उर्दू नाहीतर तमिळ माध्यमाच्या पोराला तुमच्या ऑफिसातला कोण शिकवणार?

शनिवारचा_दादा: मानधनाचं पटलं, त्यासाठी आमच्या ग्रुपमधून पैसे उभे करता येतील. पण मी जायचं थांबवणार नाही.

पालिकेतली_बाई: थांबू नका. फक्त शनिवार सोडा, त्या दिवशी पोरं निम्मीच असतात आमच्याकडे. बुधवारी या, आणि येण्याआधी वर्गशिक्षिकेला विचारा कोणाला काय येत नाही, तिच्या वहीत नावासकट लिहिलेलं असतं.